बिननावाची बटनं

वाळ्याचा वास आला की मला माझ्या ऑफिसातला कॉम्प्युटर आठवतो. बाकीच्यांना माहेर आठवतं, आजोळ आठवतं, मला कॉम्प्युटर. काय करणार, ज्याचं त्याचं नशीब.

आज सकाळी प्रमोदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खिडकीतला कूलर उघडला, गेल्या वर्षीच्या, सुकून काटक्या झालेल्या वाळ्याच्या ताट्या उचकटून अंगणात टाकल्या आणि नव्या बसवल्या. होळीच्या पुढेमागे अकोल्यात घरोघरी हेच चाललेलं असतं. आधी पंप नुसताच गुरगुरला, मग पाणी ताट्यांवरून झिरपायला लागलं आणि तो ओला, मातकट, थोडासा काढ्यासारखा वास खोलीभर झाला. मी लसूण सोलत बसले होते. तेवढ्यात शेजारी ठेवलेला फोन बोलला. ऑफिसच्या ग्रुपवर निरोप होता: सोमवारपासून सगळ्या मशीनवर नवीन सिस्टिम टाकायची आहे, सगळ्यांनी आपापलं काम जपून ठेवावं.

मला दिसत नाही. हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला चाचपडायला नको. जन्मापासूनच नाही, त्यामुळे काही गमावल्याचं दुःखही नाही. लोक हळहळतात तेव्हा मात्र माझी पंचाईत होते, त्यांची हळहळ घेऊन कुठं ठेवावी ते कळत नाही. एका सरकारी ऑफिसात मी आवक-जावकच्या टेबलावर आहे. आलेली पत्रं वाचायची, उत्तरांचे मसुदे करायचे, साहेबांकडे पाठवायचे. बहुतेक पत्रं आता मेलवरच येतात. कागदावर आलेली असली तर समोरच्या टेबलावरची रेखा बोचे ती स्कॅन करून माझ्याकडे टाकते. कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर नावाचा एक बोलणारा प्रोग्राम असतो, तो समोरचं सगळं मला वाचून दाखवतो. माउस मी वापरत नाही. माझ्या वाट्याला आलेला माउस खणात पडून आहे, रबरबँड आणि टाचण्यांच्या संगतीत.

उन्हाळा हा माझा कमी ऐकू येण्याचा मोसम. आमच्या हॉलमध्ये दोन मोठे कूलर आहेत, ते सुरू झाले की माणसं एकमेकांशी ओरडून बोलायला लागतात. एरवी माझ्या एका कानात मशीनचा इअरफोन असतो आणि दुसरा कान ऑफिसला दिलेला असतो. कोण आलं, कोणाच्या चपला फटक फटक वाजतायत, कोणाचं आज घरी भांडण झालंय, हे सगळं त्या दुसऱ्या कानाचं खातं. कूलर सुरू झाले की ते खातं बंद. मग मध्येच लाइट जाते, कूलर उसासा टाकून थांबतात, सगळे ‘अरे बाप्पा’ करत उठतात, रुमालानं वारा घेत व्हरांड्यात जातात. कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर थोडा वेळ चालू राहतात. ती शांतता मला फार आवडायची. घामाच्या धारा लागलेल्या, खुर्चीचं रेक्झिन पाठीला चिकटलेलं, आणि कानात स्वच्छ, एकटा, बुवाचा आवाज.

बुवा म्हणजे जुन्या मशीनचा आवाज. हे नाव रेखानं ठेवलेलं. पहिल्यांदा इअरफोनची पिन निघाली होती आणि मशीन भर हॉलमध्ये मोठ्यानं वाचायला लागलं, तेव्हा ती म्हणाली होती, “काहून वं ताई, हा कोन बुवा बसवला तुमी आतमंदी? सर्दी झालेला दिसते.” खरोखरच त्याचा आवाज नाक चोंदल्यासारखा होता. सुख नाही, दुःख नाही, निवृत्तीची ऑर्डर आणि शोकसंदेश एकाच सुरात वाचायचा. पण मी त्याला पळवायची. इतका, की दुसऱ्यांना नुसता चाळणीतून तांदूळ पडल्यासारखा आवाज यायचा आणि मला त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. माझा आणि बुवाचा संसार झाला होता म्हणा ना.

त्या मशीनमधल्या सिस्टिमला सगळे ‘सेव्हन’ म्हणायचे. सेव्हन मला पाठ होतं. अमरावतीला एका वर्गात मी ते शिकले होते. शिकवणारे सर स्वतः दृष्टिहीन, त्यांचं पहिलं वाक्य होतं, “स्क्रीन आहे हे विसरा.” ते फार उपयोगी पडलं. एक कळ दाबली की मेनू उघडतो, खालच्या बाणानं एकेक पायरी उतरत जायचं, प्रत्येक पायरी आपलं नाव सांगते. कुठल्या मेनूत किती खाली काय आहे हे बोटांना कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही. आपल्या घरात आपण अंधारात उठून पाणी पितो तसं. मला तर अंधार आणि उजेड सारखेच, पण तुमच्यासाठी सांगितलं.

घरातही माझा एकच नियम आहे, वस्तू हलवायची नाही. भांडण करा, रुसा, पण झारा जिथला तिथं ठेवा. एकदा सुट्टीत माझी भाची आली होती, चांदूर बाजारची. गुणी पोरगी. मी ऑफिसात गेले तेव्हा तिनं माझं स्वयंपाकघर आवरलं. डबे घासूनपुसून, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीनं. प्रमोद सांगत होते, दृष्ट लागावी असं दिसत होतं. संध्याकाळी पाहुणे आले आणि मी त्यांना मीठ घातलेला चहा दिला. भाची रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, रागवायचं होतं तरी रागावता येईना. जे केलं ते मायेनं केलं होतं ना. माझ्या सगळ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त त्रास मायेनं झालेला आहे, आणि त्याबद्दल तक्रार कोणाकडे करायची हे अजून समजलेलं नाही.

तर एका उन्हाळ्यात ऑफिसातलं सेव्हन गेलं आणि इलेव्हन आलं.

मशीन घेऊन आले सलीमभाई. त्यांचं गावात दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्या ऑफिसचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. बुवाला माझ्या मशीनमध्ये त्यांनीच पहिल्यांदा बसवलं होतं. थर्माकोल किरकिरलं, नव्या प्लास्टिकचा वास आला, वाळ्याच्या वासात मिसळला. हा वास अजून माझ्या नाकात आहे, म्हणून तर ही सगळी कथा.

पहिले दोनतीन दिवस आमच्या हॉलमध्ये जे चाललं होतं ते मी जन्मात विसरणार नाही. “अरे, स्टार्ट कुठी गेलं?” “मधात आलं न थे.” “मधात काहून आलं? कोपऱ्यात काय दुखत होतं त्याले?” “कॉपी कुठी आहे बावा? उजवं बटन दाबलं तं भलतेच चित्रं येऊन राहिले.” डोळे असलेली, चष्मे असलेली, वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसलेली माणसं भिंत चाचपत असल्यासारखी बोलत होती. रेखा तर रडकुंडीला आली. “ताई, मले काईच सापडून नाई राहिलं वं.” मी म्हटलं, “हळूहळू सापडते. हात फिरवत राहायचा.” खोटं कशाला बोलू, मला मनातून गंमत वाटत होती. पहिल्यांदाच सगळं ऑफिस माझ्या गावात राहायला आलं होतं.

ती माणसं आठवडाभरात परत गेली. डोळ्यांचं तसं बरं असतं, एकदा नजर टाकली की नवी जागाही ओळखीची होऊन जाते. मी तिथंच राहिले.

माझ्या मशीनमध्ये बुवा नव्हता. नवीन आवाज होता बाईचा, गोड, शिकलेल्या घरातला, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. “कृपया प्रतीक्षा करा,” असं काही ती म्हणाली की आपणच पदर सावरून बसावं. रेखानं इअरफोन कानाला लावून पाहिला आणि म्हणाली, “ही तं पुन्याची सून आली वं ताई.” सून चांगली होती, पण तिला पळवलं की तिचे शब्द एकमेकांत गुंतायचे. हळू चालवली तर एका पत्रात अर्धी सकाळ जायची. तेही जमलं असतं. आवाजाची सवय होते, नव्या सुनेची होते तशीच. खरी अडचण दुसरीच होती. पत्रव्यवहाराचा प्रोग्रामही त्याबरोबर नवा आला होता, आणि त्यातले शब्द जाऊन चित्रं आली होती. छोटी छोटी, गोजिरवाणी, असं सगळे म्हणायचे. चित्राला नाव दिलेलं नसलं तर वाचणारी बिचारी काय वाचणार? मी टॅब दाबायची, ती म्हणायची, “बटन.” पुन्हा दाबायची. “बटन.” पुन्हा. “बटन.” कुठलं बटन, कशाचं बटन, काही नाही. अनोळखी गल्लीत प्रत्येक दार वाजवावं आणि आतून प्रत्येकानं नुसतं ‘माणूस’ म्हणावं, तसं.

सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, खुर्ची ओढली, बराच वेळ खटखट केली. “ताई, दिखने में तो एकदम फर्स्ट क्लास आहे हे,” ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाले. मला हसू आलं. त्यांना नाही आलं. “मी बघतो काही होते का,” असं म्हणून ते गेले.

मग साहेबांनी मला आत बोलावलं.

साहेब आमच्याकडे नवेच आलेले, नाशिककडचे. बोलणं मऊ. त्यांनी उठून दार लावून घेतलं, मला खुर्ची धरून बसवलं, आणि दिसत नसलेल्या माणसाशी लोक बोलतात तसं सावकाश आणि जरा मोठ्यानं बोलायला लागले. “तायडे ताई, तुम्ही एवढा त्रास का करून घेता? हे नवीन आहे, आम्हालाही अवघड जातंय. तुम्ही नुसत्या येत चला. हजेरी लावा, बसा निवांत. तुमचं काम बोचे मॅडम बघतील. पगाराला कुठंही धक्का लागणार नाही, माझा शब्द.”

मी “बरं सर” म्हणून बाहेर आले. भांडकुदळ माणसाशी मला भांडता येतं, मी मूर्तिजापूरची आहे. भल्या माणसाशी कसं भांडायचं हे मला कोणी शिकवलं नाही.

नुसतं येऊन बसणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं म्हणून मी घाबरले. नोकरीला लागले तेव्हा मी टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्डावर पिना, भोकं, दोऱ्या. सगळं बोटाखाली. साहेबांना अमरावती जोडून दे, अमरावतीला साहेब जोडून दे. सगळ्या ऑफिसचं बोलणं माझ्या हातातून जायचं. मग टेबलाटेबलावर फोन आले, पाठोपाठ खिशाखिशात आले, आणि एक दिवस बोर्ड उचलून नेला. मला कोणी काढलं नाही. खुर्ची राहिली, पगार राहिला, समोर बोर्डाच्या जागी टेबलाचा गुळगुळीत सनमायका राहिला. कॉम्प्युटर शिकेपर्यंतचे ते दिवस मी त्या सनमायक्यावर हात ठेवून काढले. येणारे-जाणारे विचारायचे, “कशा आहात ताई?” मी म्हणायची, “मजेत.” संध्याकाळी घरी आल्यावर इतकी दमलेली असायची की प्रमोद विचारायचे, आज फार काम होतं का?

आणि आता पुन्हा तेच. त्या उन्हाळ्यातले ते आठवडे मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. माठावरचं झाकण उचलल्याचा आवाज. रेखाच्या कीबोर्डच्या कळा सकाळपासून वाजतायत, तिच्या आणि माझ्या दोन्ही टेबलांच्या कामासाठी. मध्येच तिचा सुस्कारा. मी हातातला रुमाल घडी करतेय, उलगडतेय. शिपाई चहा घेऊन येतो आणि सगळ्यात आधी मला देतो. हे लक्षण वाईट, हे मला तेव्हाच कळलं होतं. कामाच्या माणसाला चहा गार झालेला मिळतो.

घरी मी प्रमोदना सांगितलं. ते कूलरमध्ये पाणी भरत होते. “बसून पगार मिळून राहिला तं वाईट काय आहे त्याच्यात?” ते म्हणाले. माझं डोकं फिरलं. हे गृहस्थ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी म्हटलं, “तुमाले गाडीखाली जाऊ नका म्हटलं असतं, नुसतं स्टूल टाकून बाजूले बसवलं असतं, तं चाललं असतं?” बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या रात्री जेवताना त्यांनी न मागता मला ठेचा वाढला, तेवढंच.

लहानपणी मूर्तिजापूरला आम्ही घड्याळ कमी आणि शकुंतला जास्त ऐकायचो, ती नॅरो गेजची छोटी गाडी. तिच्या शिट्टीवर आई भाकरी टाकायची. पुढं गाडी बंद पडली. मी तेव्हा लग्न होऊन अकोल्यात होते, माहेरी गेले की कान उगाच वाट पाहायचा. आईला विचारलं, आता भाकरी कशावर टाकते? ती म्हणाली, “शाळा सुटते न बाजूची, पोरं वरडत जाते.” तिनं दुसरा आवाज धरला होता, कोणाला न विचारता, हळहळ न करता. मला माणसाच्या या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. बदलाबद्दल मोठमोठं बोलणारे लोक मी ऐकले आहेत, शिबिरांत, प्रशिक्षणांत. ते म्हणतात, बदल स्वीकारा. जणू बदल आपल्याला ताटात वाढून आणतात आणि आपण नको म्हणतो. मला विचारून कोणी काही बदललं नाही आजवर. आणि प्रत्येक वेळी मी शिकायला तयार होते, फक्त शिकायला धरण्याजोगं काहीतरी हाताला लागायला हवं होतं.

ते हाताला लागलं अमरावतीच्या आमच्या ग्रुपवर. माझ्यासारखीच माणसं आहेत त्यात, कोणी बँकेत, कोणी शाळेत. मी तिथं बोलून टाकलं की माझ्या मशीनवर सगळीच बटनं बिननावाची आहेत. एकानं उत्तर दिलं की वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये तशी सोय असते, बिननावाच्या बटनाला आपणच नाव टाइप करून ठेवायचं, मग आतली बाई पुढं त्याच नावानं हाक मारते. फक्त एकदा कोणीतरी डोळस माणसानं शेजारी बसून कुठलं काय आहे ते सांगायला हवं.

मी रेखाला विचारलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, लाइट गेलेली असताना, ती डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. एका हातानं जेवतेय, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या स्क्रीनवर. मी टॅब दाबायची, ती घास गिळून सांगायची.

“हे नवीन पत्र.”

मी टाइप केलं, नवीन पत्र.

“हे मांगं जा. हे पुढं जा. थांबा, हे जपून ठेव. हे साहेबाकडं. अन् हे कचऱ्याचा डब्बा, याले हात नका लावू बरं.”

मी ती बोलली तसंच लिहीत गेले. शुद्ध करायला वेळ कुठं होता, बॅटरी संपत आलेली. पुढं टॅब दाबला. रेखा चावत चावत थांबली, पाहिलं, म्हणाली, “हे काई नाई वं ताई. सोडून द्या. आमी कोनी दाबत नाई याले.” बिननावाचं ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून मी तिथं लिहिलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं आणि पुण्याची सून आपल्या धुतल्या आवाजात म्हणाली, “मांगं जा.” मी इतकी हसले की शिपाई चहा घेऊन धावत आला. “पुढं जा. साहेबाकडं. कचऱ्याचा डब्बा, याले हात नका लावू बरं.” हेही मी तसंच टाइप केलं होतं. रेखानं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून बसली. सासरी आलेली पोरगी आमची बोली बोलायला लागली होती, अजून जरा अडखळत.

आज सकाळी तो निरोप आल्यावर रेखाचा फोन आला होता. “ताई, परत बदलून राहिले वं.” मी म्हटलं, “डबा जास्तीचा आण.” ती समजली. त्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मैत्रिणी झालो, त्याआधी नुसत्या समोरासमोर बसत होतो.

त्या उन्हाळ्यात बटनांना नावं दिल्यावर महिनाभर मी चोरून सराव केला, म्हणजे रेखाच्या कामातलीच पत्रं घेऊन मसुदे करून पाहिले. मग एक दिवस साहेबांच्या दारावर टकटक केली आणि म्हटलं, सर, मला माझं टेबल परत द्या. त्यांना अवघड झालं. खुर्ची करकरली. “ताई, तुमची जिद्द मला समजते. पण काही चूक झाली, वरच्या ऑफिसला काही भलतंच गेलं, तर?”

“झाली तर बोला मला, सर.”

ते हसले, खरंच मायेनं हसले. “तुम्हाला कोण बोलणार, ताई?”

मला ते वाक्य फार लागलं. लागलं हे त्यांना कळलंही नसेल. पण टेबल त्यांनी दिलं, आणि मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. पत्रं येत होती, मसुदे जात होते. पन्ह्याचे दिवस आले. बाहेर डांबर पातळ झालेलं, चपला चिकटतायत, आणि मी आत बसून सुनेला रोज थोडं थोडं जास्त पळवतेय. साहेब येता-जाता म्हणायचे, “वा, ताई, वा.” इतरांना ते वा म्हणत नसत.

आता माझी एक सवय सांगते. मसुदा करताना एखादा आकडा किंवा तपशील ठाऊक नसला की मी थांबत नाही, तिथं खूण म्हणून लिहून ठेवते, ‘रेखाले विचारणे’. नंतर विचारून भरते. आणि दुसरी सवय त्याच दिवसांत लागलेली. जेवायला उठताना मशीनचं लक्ष मी टॅब दाबत ‘काही नाही’ या बटनावर नेऊन ठेवायची. तिथं धोका नाही, रिकाम्या ओट्यावर सुरी ठेवावी तसं. त्या दिवशीही ठेवलं, जेवून आले, झोपलेलं मशीन जागं करायला एंटर दाबलं. सून काहीतरी म्हणाली, पण लाइट नुकतीच आलेली आणि दोन्ही कूलर एकदम सुरू झालेले, काय ते मला कळलं नाही.

दुपारी साहेबांच्या केबिनचं दार उघडलं. लावून घेतल्याचा आवाज आला नाही. पावलं थेट माझ्या टेबलापर्यंत आली.

“तायडे बाई, हे काय करून ठेवलंय तुम्ही?”

मी कळांवरचे हात काढून घेतले.

“अमरावतीहून फोन होता. ‘या कार्यालयातील एकूण रेखाले विचारणे कूलर नादुरुस्त असून त्यांच्या दुरुस्तीस अंदाजे रेखाले विचारणे इतका खर्च अपेक्षित आहे.’ ते मला विचारतायत, ही रेखा कोण? माझ्या सहीशिवाय, माझ्याकडे न येता पत्र परस्पर वर गेलंच कसं?”

मागं रेखाची खुर्ची सरकली. ती माझ्या खांद्याशी येऊन वाकली, स्क्रीनकडे पाहिलं आणि पुटपुटली, “अगं माय. कागदाचं इमान होतं वं थे चित्र, पोरं उडवते तसं. पत्र पाठवाचं बटन.” मग सरळ उभी राहून साहेबांना म्हणाली, “सर, चूक माही आहे. म्याच सांगितलं होतं काई नाई म्हनून. अन् ताईले तं दिसत नाई न, सर...”

“दिसण्याचा इथं काय संबंध?” साहेब कडाडले. कूलरच्या वर आवाज गेला त्यांचा. “दिसत नसेल, वाचता तर येतं ना? पाठवण्याआधी वाचायला नको? इतकी वर्षं नोकरी झाली, मसुदा अर्धवट टाकून जेवायला जातं का कोणी? बोचे बाई, तुम्ही मध्ये बोलू नका, तुमच्याकडेही येतो मी. तायडे बाई, आत्ताच्या आत्ता दुरुस्त पत्र तयार करा आणि माझ्यासमोर आणा. पुन्हा असं झालं तर मला लेखी घ्यावं लागेल.”

“हो सर,” मी म्हणाले.

ते तणतणत गेले आणि दार आपटलं. माझे कान तापले होते. सगळं ऑफिस माझ्याकडे पाहतंय हे मला न पाहता कळत होतं. रेखा मुसमुसत होती, मी तिला म्हटलं, रडू नको, कूलर किती आहेत ते सांग. तिनं सांगितलं. मी आकडा भरला, पत्र पुन्हा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. त्या दुपारी चहा मला सगळ्यात शेवटी मिळाला, साय धरलेला. तो मी थेंब न् थेंब प्याले.

घरी गेले तेव्हा प्रमोद ओसरीत बसले होते. चपला काढता काढताच मी सांगितलं, “आज साहेबांनी मले झापलं.”

ते उठून उभे राहिले. “तुले?”

“मले.”

मग जवळ आले, माझ्या हातातली पिशवी घेतली.

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. सगळ्यांसारखं,” मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं.